नामावळीत नसलेली पंचवटी

दोनेक वर्षांपूर्वी माझा एक मित्र वडिलांच्या अस्थी घेऊन वर्ध्याहून नाशिकला आला आणि मी त्याला घेऊन गंगेवर गेलो. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. ‘गोदावरी’ हा शब्द वर्तमानपत्रांसाठी आणि निविदांसाठी.) रामकुंडापाशी भेटलेल्या पहिल्या गुरुजींनी दोनच गोष्टी विचारल्या: आडनाव आणि मूळ गाव. ‘तुमचं कूळ आमच्याकडे नाही,’ असं म्हणून त्यांनी आम्हाला दुसऱ्या घरी धाडलं. तिथे कपाटातून एक लांबट बाड, म्हणजे आलेल्या यजमानांची नामावळी, निघालं, मोडीतली पानं उलटली गेली आणि अर्ध्या तासात मित्राच्या आजोबांची सही समोर आली. १९५६ च्या सिंहस्थाला आले होते. बरोबर कोण कोण होतं, मुलं किती, त्यांची नावं काय, सगळं त्यात होतं. ज्यांच्या अस्थी आम्ही नुकत्याच सोडून आलो होतो, ते त्या पानावर चार वर्षांचे होते.

बाहेर पडल्यावर मित्र बराच वेळ गप्प होता. गल्लीच्या तोंडाशी एक वाडा आहे. दिंडी दरवाजा कायमचा बंद, वर कोरीव तुळई, भिंतीतून डोकं काढलेला पिंपळ. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, ‘हा कोणाचा रे?’ माझा जन्म पंचवटीतला. शाळेत जाताना वर्षानुवर्षं त्याच दारावरून गेलो. मी म्हणालो, ‘जुना आहे.’

त्या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते. वर्ध्याच्या एका शेतकऱ्याची तीन पिढ्यांची हजेरी ज्या वस्तीने जपली, तिला आपल्याच शेजारच्या दाराचं नाव सांगता येत नाही. हा प्रश्न आता माझ्यापुरता उरलेला नाही, कारण पंचवटीत सध्या इतिहासावर बराच पैसा खर्च होतो आहे. सिंहस्थाच्या ध्वजारोहणाची तारीख ३१ ऑक्टोबर २०२६ जाहीर झाली आहे. काळाराम मंदिर, सीतागुंफा आणि रामकुंड या परिसरासाठी केंद्राच्या सुमारे ९९ कोटींच्या मदतीतून ‘रामकाल पथ’ मंजूर झाला आहे. नावातच हेतू स्पष्ट आहे. भाविकाने या रस्त्यावर पाऊल ठेवलं की तो थेट रामाच्या काळात गेला पाहिजे.

माझी तक्रार रामाबद्दल नाही. आईने मला कडेवर घेऊन काळारामाचं दर्शन घडवलं, आणि मीही माझ्या मुलीला तसंच नेलं. माझी तक्रार ‘काळ’ या शब्दाबद्दल आहे. पंचवटीत आज डोळ्यांना दिसतं ते जवळजवळ सगळं गेल्या तीन-सव्वातीन शतकांतल्या माणसांनी बांधलेलं, वापरलेलं, भांडून मिळवलेलं आहे. रामकुंडच घ्या. कुंडाचं बांधकाम १६९६ चं मानलं जातं आणि त्याची पुढची दुरुस्ती गोपिकाबाईंच्या नावावर आहे. तिचा नवरा नानासाहेब पेशवे आणि थोरला मुलगा विश्वासराव १७६१ च्या एकाच वर्षात गेले. माधवराव १७७२ मध्ये गेला, आणि नारायणरावाचा तर १७७३ मध्ये खूनच झाला. पेशवाईचा सारा डोलारा आतून पाहिलेली ही बाई अखेरची वर्षं या नदीकाठी राहिली. रामकुंडाच्या पायऱ्या उतरताना तिची आठवण आली, तर रामाचं महत्त्व कमी होतं का? मला तर उलट वाटतं. या पाण्यापाशी माणसं कशासाठी येतात, हे तिच्यामुळे जास्त कळतं.

नारोशंकराच्या मंदिराचं उदाहरण मला सर्वांत आवडतं, कारण ते ‘शुद्ध’ इतिहासाच्या आड येतं. मंदिर १७४७ चं, नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेलं, शंकराचं. त्याच्या तटावर नदीकडे तोंड करून जी प्रचंड घंटा टांगली आहे, ती मात्र पोर्तुगीज. तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली तेव्हाच्या लुटीत ती आली. म्हणजे चर्चसाठी ओतलेली घंटा शिवालयावर चढली आणि पुढे तिचा उपयोग झाला तो गंगेच्या पुराची पातळी सांगायला. १९६९ च्या महापुराच्या गोष्टी आमच्या घरात सांगितल्या जायच्या, त्यात धर्म कधीच नसायचा. पाणी घंटेला लागलं की नाही, एवढाच मुद्दा. नदीतल्या दुतोंड्या मारुतीचंही तेच. तो देव आहेच, पण नाशिककरांच्या लेखी तो मोजपट्टीही आहे. पाणी मारुतीच्या कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याला आलं, या भाषेत अजूनही पावसाळ्यात फोन होतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले हा आकडा मोबाईलवर येतो, तरी माणसं विचारतात, ‘मारुती कितपत बुडाला?’

आता ही घंटा ‘रामकाला’त कुठे बसवायची?

एकसारखे दर्शनी भाग, एकसारखे दिवे, एकसारख्या रंगाचा दगडी मुलामा, असं काम सुरू झालं की जे एकसारखं नाही ते आधी झाकलं जातं. नंतर ते अडचण ठरतं आणि शेवटी पाडलं जातं. नदीच्या बाबतीत आम्ही हे पाहिलं आहे. मागच्या एका सिंहस्थाच्या तयारीत पात्रात आणि कुंडांत काँक्रीट ओतलं गेलं. पाय घसरू नयेत, गर्दी मावावी, हेतू चांगलाच होता. पण कुंडांचे जिवंत झरे त्याखाली गेले आणि तेच काँक्रीट काढायला नंतर लोकांना न्यायालयात जावं लागलं. ज्यांना कुंडांची नावं आणि जागा पाठ होत्या अशा थोड्या माणसांच्या जोरावर ती लढाई उभी राहिली. कुठे काय होतं याची नोंद असणं हा हौसेचा मामला नाही, हे मला तेव्हा कळलं.

पंचवटीच्या नामवंतांची यादी करा म्हटलं तर बहुतेक जण रामापासून सुरू करून लक्ष्मणापाशी थांबतील. त्यानंतरची दोनच नावं मी घेतो, पण जरा सविस्तर.

पहिलं पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचं. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून, गाणं दरबार आणि कोठी यांच्याबाहेर आणून मध्यमवर्गाच्या पोरापोरींना वर्गात बसवून शिकवणारा हा माणूस. मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी हातची गेली, डोळे लहानपणच्या अपघातापासून अधू, आणि मन रामनामाकडे वळलेलं. अशा अवस्थेत ते पंचवटीत आले आणि इथे त्यांनी रामनाम आधाराश्रम काढला. त्यांचा मुलगा, पुढे गायक म्हणून अमाप लोकप्रिय झालेले द. वि. पलुसकर, १९२१ मध्ये नाशिकलाच जन्मले. वडील १९३१ मध्ये मिरजेला गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. तो स्वतः १९५५ मध्ये गेला, ऐन चौतिशीत. हिंदुस्थानी संगीताच्या आधुनिक इतिहासातलं एक आख्खं प्रकरण आमच्या गल्लीबोळांत घडलं आहे. गाण्याचं शिक्षण घेणारी शेकडो मुलं आज नाशिकमध्ये गांधर्वच्या परीक्षांना बसतात. त्यांतल्या किती जणांना माहीत आहे, की ज्याने ही वाट घातली तो माणूस त्यांच्या क्लासपासून सायकलच्या अंतरावर राहत होता?

दुसरं नाव एका माणसाचं नाही, एका दरवाजाचं आहे. काळाराम मंदिराला चारही दिशांना दरवाजे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी हे मंदिर बांधलं. रामशेजच्या खाणीतला काळा दगड आणला, दोन हजार माणसं बारा वर्षं राबली असं सांगतात. त्या राबणाऱ्यांतल्या किती जणांना काम संपल्यावर आत जाऊ दिलं असेल, हा विचार शाळेच्या सहलीत कुणी आमच्या डोक्यात घातला नाही. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक या मंदिरावर आली आणि चारही दरवाजे बंद झाले. मिरवणूक गोदाघाटाकडे वळली, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही दरवाजांवर बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. स्थानिक संघटनेचा भार होता भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाडांवर. ते दिंडोरीजवळच्या आंब्याचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे. त्या वर्षी रामनवमीनंतरच्या रथोत्सवात रथाच्या वादातून दगडफेक झाली, डोकी फुटली. आंदोलन पुढे काही वर्षं चाललं, दरवाजे काही उघडले नाहीत, आणि ऑक्टोबर १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. कुसुमाग्रजही ऐन विशीत या सत्याग्रहात उतरले होते, हे नाशिककर अभिमानाने सांगतात. सांगावंही. पण ज्यांच्यासाठी दरवाजे बंद होते त्या पंचवीस बायकांची नावं किती जणांना सांगता येतील? मला येत नाहीत.

देशाच्या राजकारणाची दिशा बदलणाऱ्या ज्या मोजक्या जागा महाराष्ट्रात आहेत, त्यांत महाडच्या चवदार तळ्याच्या पंगतीला हे दरवाजे बसतात. दरवर्षी २ मार्चला लोक इथे अभिवादनाला येतात. ते बाहेरगावचे असतात, नाशिक शहरातल्या इतर भागांतले असतात. माझ्या गल्लीतून मी फार कमी जणांना जाताना पाहिलं आहे, आणि बरीच वर्षं मीही गेलो नव्हतो. या दिवसाचा समावेश नसलेला कुठलाही पथ, नाव काहीही असो, मला अर्धवटच वाटेल.

यावर मला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे. ‘लोक रामासाठी येतात. पलुसकरांसाठी कोण येणार? दुकानं रामावर चालतात.’ हे उत्तर देणारा माझा शेजारी मूर्ख नाही. त्याचं पूजासाहित्याचं दुकान आहे आणि सिंहस्थातली कमाई त्याला पुढची दोन वर्षं पुरते. त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. पण येणारा भाविक दर्शन उरकून तासाभरात त्र्यंबकची बस पकडतो, हेही तोच मला ऐकवतो. माणसाला एखाद्या गल्लीत थांबवायचं असेल तर त्या गल्लीकडे सांगण्यासारखं काहीतरी हवं, आणि दुसऱ्या कुठल्या तीर्थात मिळणार नाही असं हवं. पुतळे आणि कमानी सगळीकडे मिळतात. पोर्तुगीज घंटा असलेलं शिवालय एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच असेल.

दुसरा आक्षेप मला जास्त अडचणीत टाकतो, कारण तो माझ्याच बाजूच्या माणसांकडून येतो. स्थानिक इतिहास लिहायला घेतला की तो बघता बघता घराण्यांचा इतिहास होतो. कोणाच्या पणजोबांना पेशव्यांनी कोणती जमीन दिली, कोणाच्या वाड्यात कोण उतरलं होतं. मग प्रत्येक समाज आपापला फलक मागतो, चौकाचं नाव बदलतं, रात्रीतून त्यावर डांबर फासलं जातं. हे होईलच. म्हणूनच ‘नामवंत’ या शब्दावर माझा फारसा भरवसा नाही. रामनवमीनंतरच्या एकादशीला रथ निघतात तेव्हा रामरथ ओढायचा मान रास्ते आखाड्याच्या पोरांचा आणि गरुडरथाचा अहिल्याराम व्यायामशाळेच्या पोरांचा असतो. रामरथ नदी ओलांडत नाही. गरुडरथ पलीकडे नाशकात जातो, राम पंचवटीतच राहतो. नदीच्या अलीकडे एक वेगळं गाव आहे ही गोष्ट नकाशापेक्षा या दोरखंडाने जास्त नीट सांगितली आहे. पण ते दोर ओढणारी माणसं कोणत्याही नामवंतांच्या यादीत येत नाहीत. घाटावर पिढ्यान्‌पिढ्या दशक्रियेला मुंडण करणारे नाभिक, गणेशवाडीच्या फुलबाजारात पहाटे माळा करणाऱ्या बायका, यांचंही तसंच.

आणि कधी कधी वस्ती एखाद्याला इतकं मोठं करते की त्याचा इतिहासच पुसला जातो. गोदाघाटावरच्या यशवंतराव महाराज पटांगणाचं नाव प्रत्येक नाशिककराच्या तोंडी आहे. दर मे महिन्यात शंभरी ओलांडलेली वसंत व्याख्यानमाला तिथेच भरते. हे यशवंतराव म्हणजे इंग्रजी अमलातले मामलेदार. सटाण्याला असताना दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना रयतेला वाटला अशी त्यांची ख्याती. लोकांनी त्यांना देव मामलेदार केलं, १८८७ मध्ये ते नाशिकला वारले आणि घाटावर त्यांचं देऊळ झालं. तपासणीला आलेल्या साहेबाला खजिना भरलेला दिसला, हा चमत्कार सगळ्यांना पाठ आहे. सरकारी नोकराने नियम मोडून माणसं जगवली, या साध्या आणि त्याहून मोठ्या गोष्टीकडे मात्र आरतीच्या गडबडीत कुणाचं लक्ष जात नाही.

मग करायचं काय? संगमरवरी फलक तर नकोतच. उद्घाटन करणाऱ्याचं नाव त्यावर मोठं असतं. मला हवी आहे ती कंटाळवाणी वाटेल अशी गोष्ट: घरांची वही. पंचवटी हा महापालिकेच्या सहा विभागांपैकी एक. प्रत्येक घराची घरपट्टी आकारली जाते, सिटी सर्व्हेचे उतारे आहेत, धोकादायक वाड्यांच्या नोटिसा दर पावसाळ्याआधी निघतात. म्हणजे कोण कुठे राहत होतं हे सरकारदरबारी बरंचसं लिहिलेलं आहे, फक्त ते थकबाकीच्या वसुलीसाठी उघडलं जातं. धोकादायक वाडा उतरवायची परवानगी देण्याआधी त्याची मापं, फोटो आणि मालक-भाडेकरूंची तोंडी हकिगत नोंदवणं सक्तीचं करा. वाडा वाचवा असं मी म्हणत नाही. चाळीस वारसदार आणि नावापुरतं भाडं असलेला वाडा वाचत नाही, हे मी घरच्या अनुभवाने सांगतो. आमचाही उतरला. माझ्याकडे त्याचा एक फोटो आहे, त्यातही पुढे भावाची मुंज आहे आणि वाड्याचा फक्त अर्धा खांब दिसतो.

तीर्थपुरोहितांच्या नामावळ्यांना हात लावताना मात्र जपून. ती त्यांची खासगी मिळकत आहे, पोटापाण्याचं साधन आहे. त्यांच्या संमतीशिवाय आणि मोबदल्याशिवाय कुणी स्कॅनर घेऊन दारात उभं राहू नये. पण मोडी वाचणारी पुढची पिढी या घरांत तयार होईल यासाठी ९९ कोटींतला एखादा अंश खर्च झाला, तर तो कुठल्याही कारंज्यापेक्षा जास्त काळ टिकेल.

आणि एक जागा अशी आहे जिच्याबद्दल मला स्मारक हवं की नको हेच ठरवता येत नाही. २७ ऑगस्ट २००३ ला, सिंहस्थाच्या पर्वणीला, सरदार चौकाकडच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. तिथून मी रोज जातो. या सिंहस्थातही तिथे पुन्हा गर्दी होणार. त्या उताराची ओळख निदान बंदोबस्ताला येणाऱ्या परगावच्या पोलिसाला तरी असायला हवी. इतिहासाचा उपयोग काय असं विचारणाऱ्यांना मी ही जागा दाखवतो.

आमच्याकडे नोंद ठेवायची एक फार चांगली रीत आहे, ती म्हणजे रहाड. शनी चौकात रंगपंचमीच्या आधी रस्ता खणतात. माती काढली की लाकडी ओंडके लागतात, ते उचलले की खाली पेशवेकाळातला दगडी हौद. त्यात रंग भरतात, दिवसभर पोरं धप्पा मारतात, आणि सण संपला की पुन्हा सगळं बुजवून वरून रिक्षा सुरू. अडीचशे वर्षांचा हौद वर्षभर आपल्या चाकांखाली असतो, आणि नेमकं कुठे खणायचं हे चौकातल्या माणसांना माहीत असतं. नव्या रस्त्याचा, गटाराचा, केबलचा नकाशा करणाऱ्या अभियंत्याला ते माहीत आहे का, हे या दिवसांत विचारून घेतलेलं बरं.

तर त्या दिवशी. मित्राचं काम संपत आलं होतं. गुरुजींनी नवं पान काढलं, तारीख घातली, त्याच्याकडून सही घेतली, बायकोमुलांची नावं लिहून घेतली. ‘बरोबर कोण आलंय?’ असं विचारत त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन टेकवलं. मी नाव सांगितलं.

‘गाव?’

‘इथलंच. पंचवटी.’

त्यांनी पेन उचललं. ‘मग राहू द्या,’ ते म्हणाले. ‘इथल्यांचं आम्ही लिहीत नाही.’